कणा नसलेल्यांची कैफियत

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना हसू येईल. प्रयोगशाळेत ठेवलेले खेकडे, कोळंब्या आणि त्यांचे जातभाई यांची विचारपूस, हा तो विषय. माणसांची दुःखे निवारता निवारत नाहीत, तेथे खेकड्याच्या दुःखाची उठाठेव कोणी सांगितली, असेही कोणी विचारील. तो प्रश्न गैर नाही. शिवाय मी समुद्रकाठच्या घरात वाढलेला. कुर्ल्यांची आमटी आणि सुंगटांचे हुमण यांवरच माझा पिंड पोसला आहे. तेव्हा भूतदयेचा उपदेश करण्याचा अधिकार मला नाही, आणि तसा विचारही नाही. मी आज एका वाक्याची हकीगत सांगणार आहे.

ते वाक्य मी प्रथम ऐकले सुमारे २५ वर्षांपूर्वी, महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत. त्या दिवशी कोळंबीच्या मज्जासंस्थेचे विच्छेदन होते. मेण ओतलेल्या पसरट तबकात कोळंबी टाचण्यांनी पक्की करावयाची, कात्री-चिमट्याने एकेक थर दूर करावयाचा, आणि पांढऱ्या दोऱ्यासारखा तिचा मज्जारज्जू अखंड मोकळा करून त्याखाली काळ्या कागदाची पट्टी सरकवावयाची, म्हणजे तो परीक्षकाच्या नजरेत भरे. संदर्भाला टेबलावर एक जुना ग्रंथ असे. एस. एस. पटवर्धन यांनी आपल्याकडील नदीतल्या कोळंबीवर लिहिलेला आणि १९३७ साली लखनौच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झालेला तो प्रबंध. कोळंबीच्या अंगातली एकही नस त्यातून सुटलेली नाही.

माझ्या तबकातल्या कोळंबीची मिशी हलली. मी अध्यापकांना म्हटले, "सर, ही अजून जिवंत आहे." ते दुष्ट गृहस्थ नव्हते, विद्यार्थ्यांवर त्यांचा जीव होता. त्यांनी वाकून पाहिले आणि सहज सांगितले, "असेल. पण तिला कणा नाही. कणा नाही त्याला दुखत नाही. लाव टाचणी." मी टाचणी लावली. मज्जारज्जू अखंड निघाला, गुणही चांगले मिळाले. परंतु ते वाक्य मनातून गेले नाही. ज्या प्राण्याची मज्जासंस्था दाखवण्याबद्दल आम्हांला गुण मिळत होते, त्याला काही जाणवत नाही, हे आम्हांला त्याच तासाला शिकवले जात होते. हे वाक्य आमच्या सरांना कोणी शिकवले असेल? त्याचा माग काढीत गेलो, तो थेट १८७६ सालच्या इंग्लंडात पोहोचलो.

त्या काळी युरोपात शरीरशास्त्राच्या प्रयोगशाळा नव्याने उभ्या राहत होत्या. जिवंत कुत्र्यांवर, मांजरांवर, सशांवर शस्त्रक्रिया करून रक्ताभिसरणाचे व नसांचे व्यापार शोधले जात होते. इंग्लंडातील लोकमत त्याविरुद्ध खवळले. १८७५ साली सरकारने एक चौकशी आयोग नेमला, आणि पुढल्या वर्षी, १८७६ च्या ऑगस्टमध्ये, जिवंत प्राण्यांवरील प्रयोगांना आळा घालणारा कायदा संमत झाला. प्रयोग करणाऱ्याने परवाना घ्यावा, प्राण्याला भूल द्यावी, भूल न देता प्रयोग करणे अगदी आवश्यक असेल तर त्यासाठी वेगळा दाखला मिळवावा, असे त्याचे स्वरूप होते. मात्र शेवटी एक छोटेसे कलम होते. हा कायदा अपृष्ठवंशी प्राण्यांना, म्हणजे कणा नसलेल्या प्राण्यांना, लागू नाही.

कायद्याला कोठेतरी रेषा ओढावीच लागते. कणा ही उघड दिसणारी खूण. तिच्याविषयी वाद संभवत नाही. पण या कलमाचे शब्द नीट पाहा. खेकड्याला दुखत नाही, असे कायद्याने कोठेही म्हटलेले नाही. त्याच्याविषयी आम्ही काही बोलत नाही, एवढेच म्हटले आहे. या मौनाचा पुढे हळूहळू सिद्धांत झाला. कायदा ज्याविषयी बोलत नाही त्याला दुखतही नसावे, असे लोक समजू लागले.

१८७५ च्या त्या आयोगावर टॉमस हेन्री हक्स्ली हे थोर प्राणिशास्त्रज्ञ सभासद होते. त्यांचे क्रेफिशवरील पुस्तक १८८० मध्ये विद्यार्थ्यांच्या हाती आले. क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यात राहणारा, नांग्या असलेला, कोळंबीचा जवळचा नातलग. सगळ्या प्राणिशास्त्राची ओळख या एका जीवापासून करून देता येते, असा त्या पुस्तकाचा बाणा होता. शाळा-महाविद्यालयांच्या टेबलांवर कवचधारी प्राणी येऊन बसला, त्यात या पुस्तकाचा वाटा मोठा आहे.

त्याच सुमारास समुद्रकाठी संशोधनशाळाही निघाल्या. इटलीत नेपल्सला १८७२ साली, इंग्लंडात प्लिमथला १८८८ साली. तेथे कवचधारी प्राणी हवे तितके मिळत. खेकडा शास्त्रज्ञांना आवडण्याचे कारण असे की, त्याच्या पायांतल्या नसा सहज वेगळ्या होतात आणि समुद्राच्या थंड पाण्यात तासन्‌ तास काम देतात. नसेतून संदेश धावताना किंचित उष्णता निर्माण होते, ती मोजण्यासाठी ए. व्ही. हिल यांनी खेकड्यांच्या पायांतल्या नसा वापरल्या. १९३० नंतरच्या दशकात केंब्रिजच्या ॲलन हॉजकिन यांनी किनाऱ्यावरच्या साध्या खेकड्याच्या नसेतून केसाहूनही बारीक असा एकच तंतू वेगळा केला आणि त्यातून विजेचा संदेश कसा जातो याचा अभ्यास केला. हेच हॉजकिन पुढे माकूलाच्या जाड तंतूकडे वळले आणि १९६३ चे नोबेल पारितोषिक त्यांनी ज्या सहकाऱ्याबरोबर वाटून घेतले ते अँड्र्यू हक्स्ली, आयोगावरील त्या हक्स्लींचे नातू. आजोबा आणि नातू यांच्यामध्ये जे मज्जाशास्त्र वाढले, त्याच्या पायाशी खेकड्यांची एक मोठी रास आहे.

आणखी एक उदाहरण देतो, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे. मेंदूत काही द्रव्ये संदेश पुढे नेतात, तर काही त्याला लगाम घालतात. लगाम घालणाऱ्यांपैकी एक प्रमुख द्रव्य 'गाबा' या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. १९५७ साली एर्न्स्ट फ्लोरी व त्यांचे सहकारी यांनी गुरांच्या मेंदूतून काढलेल्या एका अर्कात ते ओळखले, आणि त्या अर्काची परीक्षा त्यांनी क्रेफिशच्या मज्जापेशीवर केली होती. नसेच्या टोकातून हे द्रव्य खरोखरच बाहेर पडते, हे हार्वर्ड विद्यापीठात १९६६ साली दाखवले गेले. तेथे कामी आला तो आपल्या शेवंडीचा मोठ्या नांग्यांचा नातलग लॉब्स्टर. आज मनाची घालमेल शमवण्यासाठी डॉक्टर ज्या गोळ्या लिहून देतात, त्यांतील एक मोठा वर्ग याच गाबाचा प्रभाव वाढवून काम करतो. आपल्या शांत झोपेचे हे ऋण आहे.

या सर्व काळात प्रयोगशाळेतल्या खेकड्याची विचारपूस कोणीच केली नाही काय? अगदी तसे नाही. ऑक्सफर्डचे प्राणिशास्त्रज्ञ जॉन बेकर यांनी १९५५ साली, खेकड्याला कमीत कमी यातना देऊन कसे मारावे, यावर प्रयोग करून लेख लिहिला. या प्रश्नात एक शारीरिक अडचण आहे. माणसाचा मेंदू एका जागी आहे. खेकड्याची मज्जासंस्था मात्र दोन ठिकाणी एकवटलेली असते, एक गाठ डोळ्यांमागे आणि दुसरी, अधिक मोठी, पोटाच्या बाजूला. एका घावाने तो मरत नाही, ते याच कारणाने. पुढे १९५९ साली रसेल व बर्च या दोघा इंग्रज लेखकांनी प्रयोगशाळेतील माणुसकीची तीन सूत्रे मांडली. शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरावे, प्राण्यांची संख्या कमी करावी, आणि यातना कमी होतील अशा रीतीने प्रयोग सुधारावा. ही सूत्रे आज जगभर प्रमाण मानली जातात. पण त्यांतील पहिल्या सूत्राचा कित्येकांनी असाही अर्थ लावला की, उंदराऐवजी कणा नसलेला प्राणी घेतला म्हणजे सूत्र पाळले गेले. जुनी रेषा अशी नव्या माणुसकीच्या पोटातही शिल्लक राहिली.

ती रेषा हलू लागली ती आपल्या शतकात. आयर्लंडच्या उत्तरेस बेलफास्ट येथे रॉबर्ट एलवुड या प्राध्यापकांनी आपल्या सहकाऱ्यांसह काही साधे प्रयोग केले. २००८ मध्ये त्यांनी दाखवले की, कोळंबीच्या एका मिशीला सौम्य आम्ल लावले तर ती नेमकी तीच मिशी पुन्हा पुन्हा पुसते आणि टाकीच्या भिंतीवर घासते; मिशीला आधी बधिर करणारे औषध लावले तर हे पुसणे कमी होते. २००९ मध्ये रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणाऱ्या खेकड्यांची पाळी आली. शंखात विजेचा हलका धक्का बसला की काही खेकडे बिऱ्हाड सोडून जात. परंतु शंख मनाजोगता असला तर धक्का सोसूनही राहणारे अधिक, आणि नावडता असला तर सोडणारे अधिक. २०१३ मध्ये किनाऱ्यावरच्या ९० खेकड्यांना उजळलेल्या टाकीत लपण्यासाठी दोन अंधाऱ्या जागा दिल्या. त्यांपैकी एका जागी धक्का बसे. एक-दोन वेळच्या अनुभवानंतर ते ती जागा टाळू लागले.

यावर शंकेखोरांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. गरम तव्याला लागलेले आपले बोट दुखायच्या आधीच मागे येते. तशी ही केवळ आपोआप होणारी हालचाल नसेल कशावरून? शंका रास्त आहे. तथापि आपोआप मागे येणारे बोट तवा कोणाचा आहे हे पाहत नाही. हा खेकडा मात्र दुःख आणि घर यांची तुलना करतो, गेल्या वेळची आठवण ठेवतो, आणि मग निर्णय घेतो. खेकड्याच्या अंतरंगात शिरून आपण पाहू शकत नाही हे खरे; पण शेजाऱ्याच्या अंतरंगात तरी आपण कोठे शिरतो? त्याच्या वागणुकीवरूनच त्याचे दुखणे ओळखतो.

आता मघाच्या गाबाची गोष्ट पुरी करतो. २०१४ साली फ्रान्समध्ये बोर्दो येथील शास्त्रज्ञांनी क्रेफिशना विजेचे धक्के दिले आणि मग चार फाट्यांच्या पाणवाटेत सोडले. दोन फाटे अंधारे, दोन उजेडाचे. एरवी क्रेफिश अंधारात रमत असला तरी उजेडातही फेरफटका मारून येतो. धक्के बसलेले क्रेफिश मात्र उजेडाकडे फिरकेनात. मग त्यांना माणसाच्या चिंतेवर देतात त्यांपैकीच एक औषध टोचले, तेव्हा ते पुन्हा उजेडात हिंडू लागले. ज्या प्राण्याच्या नसांवरून आपण आपल्या काळजीचा लगाम ओळखला, त्याच प्राण्याला काळजीसारखे काही असते आणि तेही त्याच लगामाने आवरते! मी हे वाचले तेव्हा मला त्या तबकातल्या कोळंबीची मिशी आठवली.

येथे एक खेदाची गोष्टही नमूद केली पाहिजे. हे ज्ञानही खेकड्यांना धक्के देऊनच मिळाले, आणि बेलफास्टच्या त्या प्रयोगांना १८७६ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या १९८६ च्या कायद्यानेही परवान्याची अट घातलेली नव्हती, कारण त्यातही खेकडा नव्हता. खेकड्याची साक्ष काढायची तर त्याला दुखवूनच, असा हा पेच आहे. निदान एकदा दिलेली ती साक्ष वाया तरी जाऊ नये.

कायद्यांनी ती साक्ष सावकाश ऐकली. न्यूझीलंडच्या १९९९ च्या प्राणिकल्याण कायद्यात 'प्राणी' या शब्दातच खेकडा, लॉब्स्टर आणि क्रेफिश यांचा समावेश झाला. स्वित्झर्लंडने २००८ मध्ये, नॉर्वेने २००९ मध्ये दहा पायांच्या कवचधाऱ्यांना संरक्षण दिले. युरोपीय संघाच्या तज्ज्ञ समितीने २००५ मध्येच तशी शिफारस केली होती. परंतु २०१० चा प्रयोगशाळांविषयीचा निर्देश निघाला तेव्हा आठपाये आणि माकूल आत घेतले गेले, खेकडे दाराबाहेरच राहिले. ब्रिटिश सरकारने लंडनच्या एका नामांकित संस्थेतील तत्त्वज्ञ जोनाथन बर्च व त्यांचे सहकारी यांच्याकडून अहवाल मागवला. २०२१ मध्ये त्यांनी ३०० हून अधिक शास्त्रीय लेख तपासून सांगितले की, हे प्राणी संवेदनाक्षम मानले पाहिजेत. २०२२ च्या कायद्याने ते मान्य केले. मात्र त्या कायद्यासरशी प्रयोगशाळांचा १९८६ चा कायदा बदलला नाही. संवेदना मान्य झाली, परवान्याची अट आली नाही.

आपल्या देशाचे काय? श्रोतेहो, येथे अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे आणि तिला लागूनच मान खाली घालावी अशीही एक आहे. विख्यात नर्तकी रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेच्या सभासद असताना त्यांनी प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्ध खासगी विधेयक आणले. पंडित नेहरूंनी सरकारतर्फे विधेयक आणण्याचे आश्वासन दिले आणि त्यातून १९६० चा कायदा झाला. त्यात 'प्राणी' या शब्दाची व्याख्या अशी आहे: मनुष्य सोडून कोणताही सजीव जीव. कण्याची अट नाही! इंग्लंडला जी रेषा ओलांडायला शंभरावर वर्षे लागली, ती आपल्या कायद्याने पहिल्याच पावलात ओलांडली होती. प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समिती नेमण्याची आणि शस्त्रक्रियेच्या प्रयोगांत शक्य तेथे भूल देण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे.

म्हणजे ज्या दिवशी आमचे सर "लाव टाचणी" म्हणाले, त्या दिवशी हा कायदा होऊन जवळजवळ चाळीस वर्षे लोटली होती. त्याच्या व्याख्येत माझ्या तबकातली कोळंबी बसत होती. पण ते वर्गात कोणालाच ठाऊक नव्हते. आमच्या डोक्यात दिल्लीच्या कायद्याऐवजी १८७६ चे ते परके कलमच बसले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्यास सांगितले आणि २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या वर्गांतून ते बंद करण्याची सूचना काढली. आता महाविद्यालयात जाणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांपुढे ते तबक येत नाही, याचे मला समाधान आहे.

तरी प्रश्न संपलेला नाही. कोळंबीचे संवर्धन हा आपल्या किनाऱ्यांवरचा मोठा धंदा झाला आहे आणि त्याच्या मुळाशीही एक प्रयोग आहे. १९४३ साली पानूझ या फ्रेंच शास्त्रज्ञाला आढळले की, कोळंबीचा डोळा ज्या देठावर असतो तो देठ कापला की मादीची अंडी लवकर वाढतात. कारण अंड्यांची वाढ रोखणारे द्रव्य त्या देठात असते. बीजोत्पादन केंद्रांनी ही युक्ती जगभर उचलली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले की, बधिर करणारे औषध लावून देठ कापला तर मादीच्या तडफडीची लक्षणे कमी होतात. डोळा न कापता बीज मिळवण्याचे प्रयत्नही आता चालू आहेत.

प्रयोगशाळेत खेकड्याला सुखात ठेवणे ही फार खर्चाची बाब नाही. थंड, स्वच्छ, हवा खेळवलेले पाणी असावे. त्याच्याच उत्सर्गाने ते दूषित होऊ देऊ नये. प्रकाश मंद असावा आणि लपायला कपार असावी. कात टाकलेल्या खेकड्याचे अंग मऊ असते, भाऊबंदच त्याला खातात. त्याला वेगळे ठेवावे. शंखात राहणाऱ्यांसाठी चार शंख जास्त ठेवावेत. कापण्यापूर्वी भूल द्यावी. त्यासाठी लवंगेच्या तेलातले द्रव्यही वापरता येते, तेच तेल जे आपण दुखऱ्या दाढेला लावतो. आणि प्रत्येक प्रयोगापूर्वी, हे उत्तर मला खरोखर हवे आहे का, आणि किती जीव मोजून, असे स्वतःला विचारावे.

आमचे ते सर आता हयात नाहीत. त्यांनी मला पुष्कळ शिकवले आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. त्यांना जे सांगितले गेले ते त्यांनी मला सांगितले. पण तीच साखळी मी पुढे चालवावी, असे मात्र नाही. गेल्या वर्षी आमच्या शाळेतल्या एका मुलीने बाजारात दोरीने आवळलेली कुर्ली पाहून मला विचारले, "सर, तिला दुखत असेल का हो?" मी तिला २५ वर्षांपूर्वीचे ते वाक्य सांगितले नाही. मी म्हटले, "असेल, बाळ. बहुधा असेलच." मग आम्ही दोघे थोडा वेळ त्या टोपलीजवळ उभे राहिलो.